कूतचे शिपाई आणि त्यांची घरे

बोदवडला पहिले महायुद्ध शिकवताना मी मुलांना कूत-अल-अमाराची गोष्ट सांगतो. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. अशा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकात गेल्या. समोर खलिफाची, म्हणजे तुर्कांची फौज होती.

७ डिसेंबर १९१५ ला कूतला वेढा पडला. दजला (टायग्रिस) नदीला पूर आला, खंदकांत पाणी शिरले, सुटकेला निघालेली फौज चिखलात अडली. धान्य आटले तेव्हा घोड्याचे मांस पुढे आले. हिंदू-मुसलमान दोघांनीही ते बराच काळ नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले. पुढे हजारो कैदी उपासमार, आजार आणि पायपिटीने मेले.

इकडे घरचे लोक वाट पाहत होते. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला, त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. तुर्कांच्या कैदेतला शिपाई सुटला, तेव्हा देशभर लाखो घरांत मौत होऊन गेली होती.

बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणीपुढे फक्त आकडा आहे. वाट पाहता पाहता गेलेल्या त्यांच्या घरच्यांसाठी तर तेवढाही नाही.