पाचोळा, पेट्रोल आणि शांततेचं बिल

लीफ ब्लोअर म्हणजे पालापाचोळा उडवणारं यंत्र. एक पंखा, एक नळी आणि नळीतून वेगानं सुटणारी हवा, बस्स. आपल्याकडे जे काम खराटा करतो तेच हे यंत्र अमेरिकेत करतं. पण एवढ्याशा वस्तूवरून कॅलिफोर्नियातली शहरं गेली पन्नास वर्षं भांडतायत. कायदे झाले, मोर्चे निघाले, माणसं उपोषणाला बसली.

मी सॅन होजेमध्ये तीन मित्रांबरोबर भाड्यानं राहतो. घरामागे अंगण आहे, अंगणात लिक्विडअंबरचं झाड आहे आणि नोव्हेंबर आला की ते झाड सगळी पानं आमच्या अंगावर टाकून मोकळं होतं. झाडलोट भाडेकरूंनी करायची असं करारात लिहिलंय. म्हणून बॅटरीवर चालणारा ब्लोअर घ्यायचं ठरलं. मी इंजिनिअर, त्यामुळे खरेदीची एक्सेल शीट माझ्याकडे आली. शीट भरता भरता मी इतिहासात शिरलो, आणि ब्लोअरपेक्षा तो इतिहासच जास्त डोक्यात राहिला.

हे यंत्र मुळात बागेसाठी बनलंच नव्हतं. जपानमध्ये शेतात औषध फवारायला पाठीवरची यंत्रं वापरत. त्यातली औषधाची टाकी काढली की उरते ती नुसती जोरदार हवा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्याच कल्पनेची यंत्रं बागकामाचं साधन म्हणून अमेरिकेत आली. तोपर्यंत कॅलिफोर्नियात फरशी आणि फुटपाथ साफ करायची सोपी पद्धत होती: पाण्याचा पाइप घ्या आणि धुऊन काढा. १९७६-७७ साली तिथे भीषण दुष्काळ पडला, पाण्यावर निर्बंध आले आणि पाइपाची जागा ब्लोअरनं घेतली. पाणी वाचलं, पण कानांचं काय?

ह्या यंत्रात टू-स्ट्रोक इंजिन असतं. ज्यांच्या घरी जुनी स्कूटर होती त्यांना हे समजावून सांगायला नको. पेट्रोल पंपावर बाबा पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालून घ्यायचे ते आठवा, आणि सकाळी किक मारल्यावर अख्ख्या वाड्यात पसरणारा निळा धूरही. टू-स्ट्रोक इंजिन हलकं, स्वस्त आणि ताकदवान असतं, कारण त्याची रचना साधी असते. सिलिंडरमधला जळलेला धूर बाहेर ढकलायचं काम नवं, ताजं मिश्रणच करतं. ह्या ढकलाढकलीत बरंचसं पेट्रोल आणि ऑइल न जळताच बाहेर पडतं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा एक हिशोब आहे: व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवला, की धुरकं तयार करणारं जितकं प्रदूषण होतं, तितकं करायला २०१७ सालची नवी टोयोटा कॅमरी सुमारे १,१०० मैल, म्हणजे जवळजवळ १,७७० किलोमीटर चालवावी लागेल. लॉस एंजेलिसहून डेन्व्हरला जाण्याइतकं अंतर.

तरीही भांडणं सुरू झाली ती धुरावरून नव्हे, आवाजावरून. कार्मेल-बाय-द-सी ह्या समुद्रकाठच्या टुमदार, श्रीमंत गावानं १९७५ सालीच ब्लोअरवर बंदी घातली. काही वर्षांत बेव्हर्ली हिल्सनं तेच केलं. ही दोन नावं वाचली की एक प्रश्न पडतो: शांतता मागणारे कोण होते ते कळलं, पण ब्लोअर कोणाच्या पाठीवर होता?

ह्याचं उत्तर शोधायला आणखी मागे जावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आलेल्या जपानी लोकांना नागरिकत्व मिळत नव्हतं. १९१३च्या कायद्यानं अशा परदेशी लोकांना शेतजमीन विकत घ्यायलाही मनाई केली. बागकामाला जमीन लागत नाही. अवजारं आणि अंगमेहनत पुरते. त्यामुळे अनेक जपानी माणसं दुसऱ्यांच्या बागा सांभाळू लागली. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सरकारनं सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उचलून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक जण जन्मानं अमेरिकन नागरिक होते. युद्ध संपल्यावर ते परतले तेव्हा अनेकांचे धंदे, घरं, शेतं गेलेली होती. मग पुन्हा बागकाम. लॉस एंजेलिसच्या हिरवळी एका पिढीनं अशा सांभाळल्या. त्यांची मुलं शिकून दुसऱ्या नोकऱ्यांत गेली आणि १९७०-८०च्या दशकांत ती कात्री आणि तो पिकअप ट्रक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या माणसांच्या हाती आला. ब्लोअर नेमका ह्याच सुमारास पोचला होता.

माळ्याच्या दृष्टीनं ब्लोअर म्हणजे वेळ. एका घराचे पैसे ठरलेले, मग दिवसाला घरं किती होतात ह्यावर चूल पेटते. खराट्यानं झाडायचं तर घरं कमी होणार किंवा दर वाढवावा लागणार, आणि दर वाढवला की गिऱ्हाईक दुसरा माळी शोधणार.

१९९६च्या अखेरीस लॉस एंजेलिस शहरानं ठराव केला: राहत्या घरापासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचा ब्लोअर चालवायचा नाही. शिक्षा सुरुवातीला केवढी होती पाहा: १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. बंदीच्या बाजूनं रहिवासी होते, हॉलिवूडची मंडळी होती. टीव्हीवरच्या जुन्या बॅटमॅन मालिकेत कॅटवुमन झालेली ज्युली न्यूमार त्यांत आघाडीवर होती. विरोधात माळ्यांनी संघटना काढली, असोसिएशन ऑफ लॅटिन अमेरिकन गार्डनर्स ऑफ लॉस एंजेलिस. जानेवारी १९९८ मध्ये काही माळी सिटी हॉलसमोर उपोषणाला बसले. उपोषण हे हत्यार आपल्याला किती ओळखीचं! बंदी उठली नाही, ती फेब्रुवारीत लागू झाली. पण तुरुंगाची शिक्षा गेली आणि दंड उतरला. त्यानंतर अंमलबजावणी इतकी ढिली राहिली की पेट्रोलचे ब्लोअर शहरात वाजतच राहिले.

मला ह्या भांडणात दोन्ही बाजूंचं पटतं, आणि तीच अडचण आहे. ज्या माणसाच्या खिडकीखाली रोज हे यंत्र किंचाळतं त्याची तक्रार खरी आहे. पण तो आवाज आणि तो धूर सर्वांत जवळून कोण घेतो? ज्याच्या पाठीवर इंजिन बांधलंय तो. बंदी आली तर पोट जातं, नाही आली तर कान आणि फुप्फुसं जातात. १९९८ साली ह्या कोंडीतून वाट नव्हती, कारण चांगली बॅटरी नव्हती.

ती तेव्हा दुसऱ्याच कामांत गुंतली होती. लिथियम बॅटरीवरचं मूलभूत काम १९७०च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम ह्यांनी केलं, आणि तेही एक्सॉन ह्या तेलकंपनीत! तेलटंचाईच्या भीतीनं तेलकंपनीच पर्याय शोधत होती. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ ह्यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून ती जास्त ताकदवान केली, १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो ह्यांनी ती सुरक्षित केली आणि १९९१ मध्ये सोनीनं बाजारात आणली. तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. आधी ती कॅमेऱ्यात गेली, मग लॅपटॉप-मोबाइलमध्ये, आणि २००५च्या सुमारास ड्रिलसारख्या अवजारांत. तुमच्या हातातल्या फोनची आणि ब्लोअरची बॅटरी एकाच घराण्यातली.

आता माझी एक्सेल शीट. बॅटरीवर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं असलं तर ती आणि '१८ व्होल्ट' लिहिलेली एकच समजा. आत पाच सेल असतात. वापरताना प्रत्येकी सरासरी ३.६ व्होल्ट म्हणजे १८, चार्ज भरलेला असताना प्रत्येकी ४ धरले की २०. बघायचा आकडा वॉट-अवरचा: १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर. पूर्ण जोरात ५०० वॉट ओढणारा ब्लोअर त्यावर अकरा मिनिटंही चालणार नाही. जाहिरातीत हवेचं प्रमाण सीएफएममध्ये आणि वेग एमपीएचमध्ये छापतात, पण हे दोन्ही कमाल आकडे बऱ्याचदा वेगवेगळ्या तोट्या लावून मोजलेले असतात. न्यूटनमध्ये दिलेला जोर मिळाला तर तो पाहा, त्यात दोन्ही येतात. लहान अंगणाला १२ ते १५ न्यूटन भरपूर झाले. ओली, चिकटलेली पानं कुठलाच ब्लोअर नीट उडवत नाही, त्यासाठी दाताळंच लागतं. आमच्याकडे एका मित्राच्या ड्रिलची बॅटरी होती, म्हणून त्याच कंपनीचा ब्लोअर घेतला. पंधरा मिनिटांचं काम, बॅटरी पुरते.

पण हाच हिशोब माळ्यासाठी करून पाहिला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-अवर ऊर्जा असते. म्हणजे माझ्या बॅटरीतली ऊर्जा १० मिलिलिटर पेट्रोलएवढी, चहाचे दोन चमचे. पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं हे खरं, तरी दिवसभर काम करायचं तर मोठ्या बॅटऱ्यांचा ढीग लागतो. शेजारी दर गुरुवारी पाठीवर पेट्रोलचा ब्लोअर घेऊन येणाऱ्या माळीकाकांना मी विचारलं. ते म्हणाले, यंत्र आवडतं, हलकं आहे, पण तेवढ्या बॅटऱ्या घ्यायच्या कशा आणि ट्रकमध्ये चार्ज करायच्या कुठे?

कायदा मात्र पुढे गेलाय. वॉशिंग्टन डीसीत २०२२पासून पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदी आहे. कॅलिफोर्नियानं २०२१ साली कायदा केला आणि २०२४च्या मॉडेलपासून अशी नवी पेट्रोल इंजिनं विकण्यावर बंधन आणलं. छोट्या व्यावसायिकांना मदत म्हणून ३ कोटी डॉलर ठेवले. दिशा मला योग्य वाटते. तरी प्रश्न १९९८चाच आहे: शांतता सगळ्यांना मिळणार, तर तिचं बिल एकट्या माळ्यानं का भरायचं?

आम्हा चौघांना बॅटरीचा ब्लोअर परवडला, कारण आमचं पोट त्यावर नाही. उद्या तुम्ही इथे घर घेतलंत आणि माळी लावलात, तर त्याला बॅटरीचा ब्लोअर वापरायला जरूर सांगा. सोबत दोन गोष्टी करा: महिन्याचे पैसे वाढवून द्या, आणि गॅरेजमधलं एक प्लग पॉइंट त्याच्यासाठी मोकळं ठेवा.