एका बुधवारची किंमत

दर नोव्हेंबरात जर्मनीच्या १६ राज्यांपैकी फक्त एका राज्यात, सॅक्सनीत, एका बुधवारी ऑफिसं आणि दुकानं बंद असतात. त्या दिवसाचं नाव 'बूस उंड बेटटाग'. पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा हा प्रोटेस्टंट दिवस. युद्ध, साथ, दुष्काळ असं संकट आलं की राज्यकर्ते साऱ्या प्रजेला चर्चमध्ये बोलावून देवाची क्षमा मागायला लावत, तिथून ही प्रथा आली. प्रशियाने १८९३ मध्ये त्यासाठी नोव्हेंबरातला बुधवार ठरवून टाकला.

पुढे सरकारांना ही सुट्टी वारंवार खुपली. १९३९ मध्ये युद्ध पेटल्यावर नाझींनी हा दिवस रविवारी ढकलला. पूर्व जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा आला आणि १९६६ नंतर सुट्टी गेली. १९९० मध्ये एकीकरणासोबत ती परत आली, पण जेमतेम पाच नोव्हेंबर टिकली.

या वेळचं कारण होतं म्हातारपण. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा कुणी करायची आणि तिचा खर्च कुणी उचलायचा? १९९५ पासून त्यासाठी सक्तीचा विमा आला. हप्ता निम्मा कामगाराचा, निम्मा कंपनीचा. कंपन्यांनी भरपाई मागितली आणि ती मिळालीही: वर्षातली एक सुट्टी कमी. १ मे किंवा ख्रिसमस अधूनमधून शनिवार-रविवारी येतात. हा दिवस मात्र कायम बुधवारचा, म्हणजे दरवर्षी एक पूर्ण दिवस हमखास काम! थोडक्यात, कंपन्यांचा वाटाही कामगारांनीच घाम गाळून भरला, असं मला तरी वाटतं.

श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये सुट्टी परत आणण्यासाठी १९९७ मध्ये सार्वमत झालं. मत देणाऱ्यांत होकार जास्त होते, पण एकूण मतदारांच्या हिशेबात ते कमी पडले.

सॅक्सनीने सुट्टी सोडलीच नाही. त्याचं बिल तिथले कामगार आजही भरतात. इतर राज्यांपेक्षा त्यांचा हप्ता पगाराच्या अर्धा टक्का जास्त आहे, कंपन्यांचा तेवढाच कमी. ३००० युरो पगार असेल, तर महिन्याला १५ युरो जादा. आणि गंमत बघा, सॅक्सनीतले बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे सदस्य नाहीत.

बव्हेरियाने तिसराच मार्ग काढला. तिथे या बुधवारी शाळा बंद, ऑफिसं चालू. मुलं घरी आणि आईबाप कामावर.