दरबार : देखावा आणि दाद

मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात 'दरबार' हा शब्द नाना प्रकारे येतो. ओसरीवर मित्रमंडळी जमवून बसलेल्या मुलाला आई 'काय दरबार भरवला आहेस!' म्हणून टोमणा मारते. कोठेच न्याय न मिळालेला माणूस 'देवाच्या दरबारी तरी दाद लागेल' अशी स्वतःची समजूत घालतो. चारचौघांत झालेली मानहानी 'भर दरबारात' झालेली असते. वरिष्ठांची मर्जी राखून राहणाऱ्याला आपण 'दरबारी माणूस' म्हणतो. यांपैकी एका वाक्यात थाटाची थट्टा आहे, तर दुसऱ्यात न्यायाची आशा. देखावा आणि दाद हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे नांदू लागले, आणि एका काळी त्यांतला एक अर्थ काढून टाकण्याचा प्रयत्न कसा झाला, याचा विचार करण्यासारखा आहे.

शब्द मूळचा फारसी. 'दर' म्हणजे दार. दरवाजा आणि दरवान हे शब्दही त्याच घरातले. 'बार' म्हणजे प्रवेश किंवा भेटीची मुभा, अशी त्याची फोड कोशकार करतात. म्हणजे राजाच्या दारापर्यंत पोहोचण्याची आणि त्याच्यासमोर उभे राहण्याची सोय, हा या शब्दाचा गाभा होय. मोगल बादशहांच्या दिवाण-इ-आममध्ये थाट काही कमी नव्हता. परंतु त्या थाटाच्या आतच अर्ज ऐकले जात, नेमणुका होत, नजराणा दिला जाई आणि खिलत मिळे. देणे आणि घेणे असे दुहेरी नाते तेथे सर्वांदेखत बांधले जाई. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला आणि अनेक फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तरी 'दरबार' मराठीतून गेला नाही.

मात्र जुन्या दरबाराचे चित्र फार उजळ रंगवण्याचेही कारण नाही. पेशवाईतल्या हिशेबांत 'दरबारखर्च' नावाची एक बाब येते. वरच्या अधिकाऱ्यांचे हात ओले करण्यासाठी दिलेल्या रकमांना हे सभ्य नाव होते. दारापर्यंत पोहोचायलाही पैसे पडत. तरीही दार होते आणि ते ठोठावता येते, ही समजूत लोकांच्या मनात पक्की होती.

ही समजूत कसाला लागली ती १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत. व्हिक्टोरिया राणीने 'कैसर-इ-हिंद' हे पद धारण केल्याची घोषणा करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने प्रचंड मेळावा भरवला. सरकारी कागदांत त्याला 'बादशाही मेळावा' अशा अर्थाचे इंग्रजी नाव होते; लोकांनी त्याला दरबारच म्हटले. ऐंशी हजारांहून अधिक माणसे जमली होती. संस्थानिकांशी नजराणा व खिलत यांची देवघेव करण्याऐवजी त्यांना निशाणे आणि पदके देण्यात आली. जुन्या विधीतला परस्परसंबंध गळून पडला आणि मानाच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या.

त्याच दिवसांत दख्खन, मद्रास आणि म्हैसूर प्रांतांत १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ पसरत होता. त्यातील मृतांचे अंदाज पन्नास लाखांच्या वर जातात. दुष्काळी कामांचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्याच जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांना पाठवण्यात आले आणि मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणण्यात आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी भागांतून माहिती गोळा करून सरकारकडे निवेदने धाडली, ती या काळातलीच.

दिल्लीच्या त्या मेळाव्यात या सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उपस्थित होते. जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत त्यांच्या अंगावर हातसुताची पांढरी खादी होती. सभेतर्फे सादर केलेल्या मानपत्रात राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय व सामाजिक दर्जा आहे, तोच हिंदी प्रजेलाही मिळावा, अशी मागणी होती. आज ही मागणी मवाळ वाटेल. पण लिटनने दरबार देखावा म्हणून भरवला होता आणि सार्वजनिक काका तेथे जुन्या अर्थाने गेले होते. दरबार आहे, तेव्हा अर्ज करायचा, इतका त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांची मागणी मान्य झाली नाही. परंतु शब्दाचा हरवू लागलेला अर्थ त्यांनी त्याच मांडवात बोलून दाखवला.

पुढचे दोन दरबार अधिकच दिमाखाचे झाले. १९०३ साली लॉर्ड कर्झन याने सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त हत्तींची मिरवणूक काढली. १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. त्याच वर्षी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष लालमोहन घोष यांनी दरिद्री प्रजेच्या करातून चाललेल्या या उधळपट्टीवर कठोर टीका केली. १२ डिसेंबर १९११ रोजी पाचवा जॉर्ज स्वतः दिल्लीत आला. वंगभंग रद्द झाल्याचे आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचे त्याने जाहीर केले. निर्णय मोठे होते, पण ते आधीच गुप्तपणे ठरलेले होते. दरबारात ते फक्त ऐकवले गेले. त्या दिवशी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड एकदाच लवले आणि बादशहाकडे पाठ करून परतले, यावरून मोठे वादळ उठले व त्यांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. जेथे बोलण्याला वाव नसतो, तेथे मान किती लवली याचीच मोजदाद होते.

त्यानंतर दिल्लीत असा दरबार भरला नाही. व्हाइसरॉयच्या प्रासादातल्या ज्या दालनाला 'दरबार हॉल' म्हणत, तेथेच १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनातील या दालनाला 'गणतंत्र मंडप' हे नाव देण्यात आले. प्रजासत्ताकात राजे आणि साहेब यांच्या सभेची आठवण नको, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे.

भिंतीवरचे नाव असे बदलता येते. बोलण्यातला शब्द मात्र आपल्या वाटेने चालत राहतो. आजही मंत्री 'जनता दरबार' भरवतात आणि हातात अर्जाचा कागद घेऊन माणसे सकाळपासून रांगेत उभी राहतात. तेथेही कधी दाद लागते, तर कधी नुसता देखावा होतो. आणि यांतले काय घडले, हे त्या रांगेतून घरी परतणाऱ्या माणसाला अचूक कळते. 'दरबार' हा शब्द तो उपहासाने उच्चारतो की विश्वासाने, यावरून राज्यकर्त्यांना आपल्या कारभाराची परीक्षा करता येईल. दीडशे वर्षांपूर्वी खादी नेसून दिल्लीस गेलेल्या एका पुणेकराने तीच परीक्षा घेतली होती.