द ॲबिसिनियन्स : एका नाकारलेल्या गाण्याचा इतिहास

रूट्स रेगे, म्हणजे रास्ताफारी श्रद्धा आणि गुलामगिरीची स्मृती यांना केंद्रस्थानी ठेवणारी जमैकन संगीताची धारा, हिच्या इतिहासात ‘द ॲबिसिनियन्स’ या गायकत्रयीचे स्थान ध्वनिमुद्रिकांच्या संख्येपेक्षा ‘सट्टा मसगाना’ या एका गाण्यामुळे ठरले आहे. बर्नार्ड कॉलिन्स आणि डोनाल्ड व लिनफर्ड हे मॅनिंग बंधू यांनी १९६८च्या सुमारास किंग्स्टन येथे हा गट उभारला. १९३० साली राज्याभिषेक झालेल्या इथिओपियाच्या सम्राट हाइले सेलासी यांना रास्ताफारी देवत्व देत; एप्रिल १९६६मध्ये सम्राटांनी जमैकाला भेट दिल्यावर या पंथाचा प्रभाव झपाट्याने वाढला, आणि गटाने धारण केलेले इथिओपियाचे जुने नाव त्याच श्रद्धेतून आलेले होते.

या मॅनिंग बंधूंचेच भाऊ, पण गटात नसलेले कार्लटन यांच्या ‘हॅपी लँड’ या गाण्याचा आधार घेऊन रचलेल्या ‘सट्टा मसगाना’त कृतज्ञतेचे अम्हारिक बोल आहेत. कोमल गांधाराच्या छायेतली संथ चाल आणि निरनिराळ्या स्वरांवरून एकाच वेळी गाणारे तीन कंठ यांमुळे त्याला प्रार्थनेचे गांभीर्य लाभले. १९६९ साली ते स्टुडिओ वनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. परंतु हे गाणे बाजारात चालणार नाही, असे ठरवून तेथील निर्माते कॉक्सन डॉड यांनी ते प्रकाशितच केले नाही.

गायकाला एकरकमी मोबदला देऊन ध्वनिफीत निर्मात्याने स्वतःकडे ठेवायची, अशी त्या व्यवसायाची रीत असल्याने गाणे अडकून पडले. अखेर गटाने ती फीत विकत घेऊन १९७१मध्ये ‘क्लिंच’ या स्वतःच्या नाममुद्रेखाली ती प्रकाशित केली, आणि तिला अमाप यश मिळाले. तेव्हा डॉड यांनीही त्याच गाण्याच्या ‘रिडिम’वर, म्हणजे ढोल व बास गिटार यांच्या मूळ साथीवर, वाद्यसंगीताच्या आणि तालात बोलणाऱ्या डीजेंच्या आवृत्त्या काढल्या.

रिडिमवर गायकाचा हक्क न मानणाऱ्या या रिवाजाने गटाचे आर्थिक नुकसान केले हे खरे. तथापि इतर निर्मात्यांनीही तीच चाल पुनःपुन्हा वापरल्याने गाणे सर्वदूर पोहोचले. १९७६मध्ये क्लाइव्ह हंट यांच्या निर्मितीखाली गटाचा पहिला अल्बम सिद्ध झाला, तोवर हे गाणे रास्ताफारींच्या मेळाव्यांत स्तोत्रासारखे गायले जाऊ लागले होते.