प्लेगच्या जंतूचें आडनांव

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं गांठीच्या तापाचे रोगी तपासले व हा प्लेगच होय असें निदान केलें. ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार करण्याच्या कामास लागले. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. ज्या जंतूपासून ही लस झाली, त्याची ओळख शास्त्रास होऊन तेव्हां जेमतेम दोन-अडीच वर्षें झालीं होतीं. आणि ती ओळखहि निर्विवाद नव्हती.

जंतूची ओळख पटवावयाची कशी? फर्डिनांड कोन ह्यांनीं १८७२ सालीं आकारावरून जंतूंचे वर्ग पाडले: कोणी गोल, कोणी दांड्यासारखे, कोणी मळसूत्राप्रमाणें पिळदार. परंतु आकार एक म्हणून कुळ एक, असें होत नाहीं. विषमज्वराचा जंतु दांड्यासारखा, प्लेगचाहि दांड्यासारखाच. मात्र पहिल्याच्या सर्वांगास बारीक तंतु असतात व त्यांच्या योगानें तो पोहतो. दुसऱ्यास तंतु नाहींत, तो जागचा हलत नाहीं. म्हणून आकारानंतर गति पाहावी लागते. तिसरी कसोटी रंगाची. ती डेन्मार्कचे ग्राम ह्यांनीं १८८४ सालीं दिली.

सन १८९४ मध्यें हाँगकाँगच्या सांथींत किटासातो व येर्सिन ह्या दोघांनीं प्लेगच्या जंतूचा स्वतंत्रपणें शोध केला. येर्सिन ह्यांनीं आंखूड, टोंकांशीं वाटोळा आणि ग्रामचा रंग न धरणारा दांडा वर्णिला. किटासातो ह्यांनीं मात्र जंतूस किंचित् गति असल्याचें लिहिलें व रंगाविषयीं निश्चित मत दिलें नाहीं. त्यांच्या नमुन्यांत दुसऱ्या जंतूची भेसळ झाली असावी, असें पुष्कळ अभ्यासक मानतात.

पुढें ह्या जंतूचें आडनांव, म्हणजे प्रजातीचें नांव, बदलत गेलें. आरंभीं तो ‘बॅसिलस’ होता, मग ‘पाश्चुरेला’ झाला. १९४४ सालीं व्हान लोघेम ह्यांनीं येर्सिन ह्यांच्या स्मरणार्थ ‘येर्सिनिया’ ही प्रजाति सुचविली. तिच्यांत प्लेगच्या जंतूचा एक सौम्य भाऊबंद आहे. साध्या हवेच्या उष्णतेंत तो पोहतो आणि शरीराच्या उष्णतेंत स्थिर होतो. प्लेगचा जंतु दोन्ही ठिकाणीं स्थिरच. आनुवंशिक द्रव्य ताडून पाहतां दोघे इतके जवळचे निघाले कीं, प्लेगच्या जंतूस त्या भावाचा केवळ पोटभेद मानावें, अशी सूचना १९८० च्या सुमारास पुढें आली. शास्त्रदृष्ट्या ती सयुक्तिक होती. तथापि नांवाच्या घोटाळ्यानें एखाद्या प्रयोगशाळेंत घातक जंतु सौम्य समजला जाईल व माणसें प्राणांस मुकतील, ह्या भीतीनें नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय न्यायमंडळानें १९८५ सालीं तें नवें नांव नाकारलें आणि ‘येर्सिनिया पेस्टिस’ हेंच कायम ठेविलें.

हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. १९२५ पासून तिला त्यांचें नांव आहे. जंतूंचें वर्गीकरण हा केवळ पोथींतला पसारा नव्हे, हें सांथीचे ते दिवस पाहिलेल्या ह्या शहरास निराळें सांगावयास नको.