गाविलगड कसा पडला? आणि तह अंजनगाव सुर्जीला का झाला?

अंजनगाव सुर्जीहून उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची भिंत दिसते. याच डोंगरांत, चिखलदऱ्याजवळ, सुमारे ११०० मीटर उंचीवर गाविलगड आहे. (याच भागातलं वैराट ११७८ मीटर उंच.) आल्प्सच्या शिखरांपुढे ही उंची काहीच नाही. पण १८०३ च्या डिसेंबरात हा डोंगर चढणं म्हणजे तोफा वर नेणं होतं.

२९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत भोसले आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव झाला. त्यातली काही फौज गाविलगडावर गेली. मागोमाग आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, पोहोचले.

वेलस्लीने दक्षिण बाजू पाहिली. मैदानातून गडावर जाणारी ती वाट जवळची, पण इतकी उभी की फक्त माणसंच चढतील. तोफगाडे नेता येतील असा रस्ता उत्तरेला, लबाडा गावाकडून होता. मात्र तिथे पोहोचायला एलिचपूरहून डोंगरातून सुमारे ५० किमीचा वळसा.

स्टीव्हन्सनने हा वळसा घेतला. ७ ते १२ डिसेंबर, पाच-सहा दिवस सैनिक रोज वाट तयार करत होते आणि जड तोफा हाताने ओढत होते. खरी चढाई हीच. नंतरची लढाई त्या मानाने लवकर आटोपली. दक्षिणेकडून वेलस्लीनेही तोफा लावल्या, पण त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

१५ डिसेंबरला सकाळी बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत घुसलं. आतला तट मात्र शाबूत होता, आणि मध्ये खोल दरी. ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्बेल काही सैनिकांना घेऊन दरी ओलांडून शिड्यांनी तटावर चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनी सिंह मारला गेला. दरवाजाजवळच्या मृतांच्या ढिगात त्याचा देह सापडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह केला. दौलतराव शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जीला झाला, कारण इंग्रजांची छावणी तेव्हा याच भागात होती. त्यात शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दोआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला सोडला. दिल्ली-आग्र्याकडचं राजकारण बदलणाऱ्या कागदाला वऱ्हाडातल्या गावाचं नाव लागलं ते असं.

आज चिखलदऱ्यापर्यंत गाडी जाते आणि पर्यटक गडाच्या जवळ आरामात पोहोचतात.