घरोघरच्या नोंदी आणि आपला इतिहास

आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आपण प्रथम नवगावच्या किनाऱ्याकडे वळतो. फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु त्या किनाऱ्यापासून लोद, रामले, बेरशेबा व दिमोना येथवर आलेल्या आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचा वृत्तांत आपणांस तितकासा ठाऊक नाही. सामान्य कुटुंबांचा असा वृत्तांत कसा टिपून ठेवावा, याचा वस्तुपाठ पुण्याच्या एका संस्थेने घालून दिला आहे.

ती म्हणजे गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाकडे रावबहादुर रा. रा. काळे यांनी देणगी सुपूर्द केली, आणि तीतून १९३० साली ही संस्था उभी राहिली. प्रारंभापासून १९६६ पर्यंत तिची धुरा प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी वाहिली. देशाच्या दारिद्र्यावर व्याख्याने देण्यापूर्वी आपल्या भोवतालचा मुलूख नीट पाहावा, अशी या संस्थेची रीत होती.

तिच्या प्रकाशनांचे विषय पाहिले तरी ही रीत ध्यानात येते. पुण्यातील फळांचा व्यापार (१९३३), मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतूक (१९३५), वाई तालुक्यातील शेतीचा हिशेब (१९४०), पाटाच्या पाण्याचे आर्थिक परिणाम (१९४८), आणि पुणे शहराची दोन भागांतील पाहणी (१९४५ व १९५२). १९४२ साली ना. वि. सोवनी यांनी हिंदुस्थानच्या लोकसंख्येच्या प्रश्नाचा प्रदेशवार विचार करणारे पुस्तक लिहिले. एवढ्या विशाल देशाला एकच माप लावून भागत नाही, हा त्यामागील विचार होता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा ग्रंथ १९५५ चा आहे. सोवनी व श्रीमती कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या तीन जिल्ह्यांतील जननमानाची पाहणी करून तो सिद्ध केला. कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा. पेण, रोहा, अष्टमी, तळे, अलिबाग, रेवदंडा यांचा मुलूख. आपली निम्मी आडनावे याच मातीतून उगवली. ग्रंथाचा विषय आपला समाज नव्हे. पण आपली कुटुंबे आगबोटींत व विमानांत बसून या देशाकडे निघाली होती, त्याच सुमारास त्यांच्या शेजारपाजारच्या घरांत काय चालले होते, हे त्यात नोंदले गेले.

लोकसंख्येचे अभ्यासक सांगतात की, कोणत्याही समाजाची संख्या तीनच गोष्टींनी बदलते : जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. १९५१ च्या शिरगणतीत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते. १९७१ मध्ये ६ हजारही उरले नाहीत. हे आकडे एखादा परका वाचील तर त्यास वाटेल, या लोकांवर काही अरिष्ट कोसळले असावे. अरिष्ट कोसळले नव्हते. आपण येथे आलो होतो. आकड्याला अर्थ येतो तो घराघरांतील हकिकत हाती असेल तेव्हाच.

अशा पाहणीत स्त्रियांना साधे प्रश्न विचारतात. लग्न कितव्या वर्षी झाले? मुले किती झाली? त्यांतील हयात किती? साल आठवत नसेल तर एखाद्या मोठ्या साथीच्या वा पुराच्या आठवणीवरून ते ठरवितात. मी शिक्षक असल्याने प्रश्न विचारण्याची मला सवय आहे. तरी हे प्रश्न मी माझ्या आईला फार उशिरा विचारले. 'आम्ही पाच भावंडे' असे ती जन्मभर सांगत आली होती. 'आजीला मुले किती झाली?' असे विचारताच ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'आठ.' मग तिने त्या तिघांची नावे सांगितली. ती नावे आमच्या घरात तोवर कोणी उच्चारली नव्हती. आज आई नाही. मी त्या दिवशी वही उघडली नसती, तर ती तीन मुले तिच्याबरोबरच पुसली गेली असती.

आपल्या शाळांतून सातवीच्या सुमारास मुले 'शोराशीम'चा प्रकल्प करतात. आपल्या समाजातील पुष्कळ मुले त्यात 'आजी मुंबईची' एवढेच लिहून पान उलटतात. मुंबईत आपले पहिले सिनेगॉग १७९६ साली झाले हे खरे. पण मुंबईच्या आधी एक गाव होते, आणि ते गाव सांगणारी माणसे दिवसेंदिवस थोडी होत आहेत.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघावयास १९३७ साल उजाडले. हस्तलिखित जपले गेले म्हणूनच चाळीस वर्षांनी का होईना, ते वाचावयास मिळाले. आपणांस ग्रंथ लिहावयाचा नाही. येत्या शब्बाथनंतर घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसावे आणि गाव, लग्नाचे वय, झालेली मुले, हयात मुले व गाव सोडल्याचे साल एवढ्या पाच गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. कुलाब्यातील परक्या घरांसाठी पुण्याच्या विद्वानांनी जे केले, ते आपल्या घरासाठी करणे आपणांस अवघड नाही.